वहीतला फ्लो

आमच्या ओट्याच्या कोपऱ्यात, मिसळणाच्या डब्याशेजारी, एक दोनशे पानी वही असते. ऑक्टोबर २०२१ मध्ये ह्यांच्या हृदयाला हार्टमेट ३ हा पंप बसवला, तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या आधी मी तिच्यात आकडे उतरवते. स्पीड (पंपाचे मिनिटाला फेरे), फ्लो (पंपातून मिनिटाला किती लिटर रक्त जातं), पीआय (हृदयाच्या स्वतःच्या ठोक्याचा जोर), पॉवर, वजन, ताप. ह्यांच्या कमरेच्या पट्ट्याला कंट्रोलर असतो, त्याचं बटण दाबत जायचं आणि छोट्या पडद्यावर येईल ते लिहायचं. सध्या चौथी वही चालू आहे.

हॉस्पिटलमधून घरी सोडण्याआधी माझी रीतसर परीक्षा घेतली होती. बॅटऱ्या एका वेळी एकच कशी बदलायची, कंट्रोलर बिघडला तर दुसरा कसा जोडायचा, पोटातून बाहेर आलेल्या ड्राइव्हलाइनचं, म्हणजे पंपाच्या वायरचं, ड्रेसिंग मास्क आणि निर्जंतुक हातमोजे घालून कसं करायचं. सगळ्यात जास्त भीती घातली होती ती फ्लो कमी होण्याची. अडीच लिटरच्या खाली गेला की अलार्म वाजतो आणि मग हातातलं टाकून फोन करायचा. त्यामुळे माझ्या मनात एक हिशेब पक्का बसला: आकडा पडला की वाईट, वर गेला की चांगलं. आकडा वर गेला तर काय करायचं, हे मी विचारलं नाही आणि मला कोणी सांगितलंही नाही. त्या न विचारलेल्या प्रश्नापायी आमचे जवळजवळ सहा महिने गेले.

पंपासोबतची पहिली तीन वर्षं चांगली गेली. ओहायोच्या थंडीत बॅटऱ्यांचं जॅकेट अंगावर चढवून हे दुकानात जायचे, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरतीला उभे राहायचे. पोहणं बंद, एमआरआय बंद, रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन रोज, ते किती पातळ हे सांगणारा आयएनआर दोन ते तीनच्या मध्ये. आधी ॲस्पिरिनही होती. हार्टमेट ३ च्या रुग्णांना ॲस्पिरिन न देता रक्तस्राव कमी होतो, असं २०२३ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं आणि ती बंद झाली. ह्यांच्या मनगटाला नाडी लागत नाही, कारण पंप अखंड फिरतो आणि रक्त ठोक्याठोक्याने न जाता सलग वाहतं. हार्टमेट ३ दर दोन सेकंदांनी आपला वेग थोडा कमीजास्त करतो, पण ती काही बोटांना कळण्याजोगी नाडी नव्हे. पुण्याहून आलेल्या माझ्या थोरल्या दिरांनी, ते जुने फॅमिली डॉक्टर, एकदा सवयीने ह्यांचा हात हातात घेतला. बराच वेळ बोटं फिरवली आणि काही न बोलता हात तसाच धरून बसले. मला ते अजून दिसतं.

मग एका उन्हाळ्यात वहीतला फ्लो हळूहळू चढायला लागला. स्पीड तोच, ५४००. फ्लो मात्र ४.६ चा ४.९, मग ५.२. पॉवरही थोडी वर. मी खूश. मुलीला फोनवर सांगितलं की बाबांचा पंप एकदम जोरात आहे. गणपतीत ५.५. दिवाळीत ५.९.

त्या दिवाळीत मी चकल्या तळत होते. सोऱ्या हे फिरवतात, हा आमच्याकडचा चाळीस वर्षांचा रिवाज. दुसऱ्या घाण्यालाच हे म्हणाले, "अगं, जरा बसतो." बसले ते उठले नाहीत. मी म्हटलं, तेलाच्या धुराने झालं असेल. पण रात्री पाहिलं तर दोन उशांच्या तीन झाल्या होत्या. जिन्यात मध्येच उभं राहणं सुरू झालं होतं. मी मागून येते आहे असं दिसलं की हे भिंतीवरचा फोटो बघतोय असं दाखवायचे. जेवण अर्ध्यावर आलं. पोट भरल्यासारखं वाटतं म्हणायचे. पायांवर मोज्यांचे वळ. आठ दिवसांत वजन तीन किलो वर.

नोव्हेंबरच्या शेवटी एका रात्री उठून बसले, श्वास घेता येईना. पंपाचं हॉस्पिटल दोन तासांवर, म्हणून आधी गावातल्या इमर्जन्सीत नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी पंपाचे आकडे पाहिले. फ्लो ६.४. ते म्हणाले, पंपाचं काम उत्तम चाललंय, पाणी साठलंय ते काढू. शिरेतून लघवीचं इंजेक्शन दिलं आणि पहाटे घरी पाठवलं. आज त्या माणसाला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. त्या आकड्यावर मीही सहा महिने त्यांच्याइतकाच विश्वास ठेवला होता.

सकाळी मी आमच्या कोऑर्डिनेटरला फोन लावला. ही नर्स आमच्यासाठी देवमाणूस आहे. मी आकडे वाचत गेले. ती मध्ये बोलली नाही. मग तिने विचारलं, "फ्लो चढायला कधीपासून लागला?" मी वहीची पानं मागे उलटत गेले आणि उलटता उलटताच माझ्या पोटात गोळा आला. जूनपासून. ती म्हणाली, आजच या.

इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. तंत्रज्ञाने एकाच जागी पुन्हा पुन्हा मोजमाप घेतलं. मग हृदय निकामी होण्याच्या विभागाच्या प्रमुख डॉक्टर बाई आल्या आणि त्यांनी कागदावर चित्र काढलं. आपलं डावं हृदय रक्त महाधमनीत ढकलतं आणि मध्ये एक झडप असते, तीन पाकळ्यांची. रक्त बाहेर गेलं की ती मिटते, म्हणजे रक्त परत येत नाही. पंप बसल्यावर तो हृदयाच्या टोकातून रक्त ओढतो आणि एका नळीने थेट महाधमनीत सोडतो. झडपेला वळसाच. त्यामुळे झडप उघडायची वेळच क्वचित येते. तिच्या पाकळ्या बंद राहून राहून कडांना चिकटतात, आखडतात. वरून महाधमनीचा दाब आणि खालून पंपाची ओढ, दोन्ही चोवीस तास तिच्यावरच. काही वर्षांत ती मधोमध गळायला लागू शकते. आणि ही गळती पंप नसलेल्या हृदयातल्या गळतीसारखी दोन ठोक्यांच्या मधली नसते, जवळजवळ सतत चालू असते. म्हणून इकोच्या नेहमीच्या मापांत ती आहे त्याहून कमी दिसू शकते.

"मग फ्लो का वाढला?" मी विचारलं.

त्यांनी पेनाने एक वर्तुळ काढलं. पंप रक्त वर टाकतो. त्यातलं बरंचसं गळक्या झडपेतून परत हृदयात उतरतं. पंप तेच पुन्हा उचलतो. पंपातून सहा लिटर जातात हे खरं, पण शरीराला सहा लिटर मिळत नाहीत. शिवाय पडद्यावरचा फ्लो मोजलेला नसतोच. तो स्पीड, पॉवर आणि कंट्रोलरमध्ये भरलेल्या हिमॅटोक्रिटवरून (रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणावरून) काढलेला अंदाज असतो.

त्या बोलत होत्या आणि मला आजोळची विहीर दिसत होती. खटाव तालुक्यातलं आमचं आजोळ. लहानपणी तिथे मोट पाहिलेली. मोट भरून वर येते, थारोळ्यात ओतली जाते, तिथून पाटाने पाणी उसाला जातं. एका वर्षी थारोळ्याच्या बुडाला भगदाड पडलं होतं आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मोटेमागून मोट निघत होती, बैल फेसाळले होते, आणि पाणी दगडांमधून परत विहिरीतच गळत होतं. शेताच्या टोकाला भेगा. आजोबा मोटा मोजत होते, रान बघत नव्हते. मीही तेच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मानेतल्या शिरेतून कॅथेटर घालून उजव्या बाजूचे दाब मोजले. पंप सांगत होता ६.४. शरीरात प्रत्यक्ष फिरत होतं ३.६. फुप्फुसांकडचा दाब चोवीस. मूत्रपिंडं किती थकली हे सांगणारं क्रिएटिनिन २.१. घरी आल्यावर मी जुने इको रिपोर्ट काढून बसले. पंप बसल्यानंतर सहा महिन्यांच्या रिपोर्टात गळती "किंचित", दीड वर्षाच्या रिपोर्टात "सौम्य", त्यानंतरच्यात "सौम्य ते मध्यम". प्रत्येक पानावर होतं. मी प्रत्येक वेळी फक्त पंपाबद्दलची ओळ वाचली होती. ज्यांच्या घरात पंप आहे त्यांना मी हात जोडून सांगते, त्या रिपोर्टात महाधमनीच्या झडपेची ओळ शोधा, आणि झडप दर किती ठोक्यांनी उघडते आहे हे प्रत्येक इकोला विचारा.

आधी औषधांनी करून पाहिलं. मीन प्रेशर, म्हणजे सरासरी रक्तदाब, ८५ च्या आत ठेवायचं, कारण महाधमनीतला दाब जितका जास्त तितकी गळती जास्त. घरी डॉप्लर, म्हणजे रक्त वाहण्याचा आवाज ऐकवणारं यंत्र, आणला. दंडाला पट्टा फुगवायचा, कोपरापाशी जेल लावून डॉप्लर धरायचा आणि हवा सोडताना "श्श्श" आवाज कुठे सुरू होतो ते ऐकायचं. महिन्याभरात मला ते डोळे मिटून यायला लागलं. लघवीच्या गोळ्या वाढवल्या. स्पीडचं मात्र धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं असं झालं. ५२०० केला तर छातीत पाणी भरायचं. ५७०० केला तर दोन-चार दिवस बरं वाटायचं, पण त्या वेगाला झडप अजिबात उघडत नव्हती आणि गळती वाढायची. जानेवारीत हे दोनदा भरती झाले.

मग सगळ्या डॉक्टरांची बैठक झाली आणि तिच्यानंतर आमची. हृदयरोपण हा सरळ उपाय. पण हे अडुसष्ट वर्षांचे, मूत्रपिंडं थकलेली आणि मागे दिलेल्या रक्तामुळे शरीरात अँटिबॉडी इतक्या की जुळणारं हृदय मिळणं अवघड. ते ऐकताना मला वडिलांची आठवण झाली. आम्ही परळला राहायचो. फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. पी. के. सेन यांनी केईएममध्ये देशातलं पहिलं हृदयरोपण केलं, तो रुग्ण काही तासच जगला. पण त्या दिवसांत चाळीत दुसरा विषय नव्हता असं वडील सांगायचे. इतक्या वर्षांनी तोच शब्द माझ्या घरी आला आणि लगेच बंदही झाला.

दुसरा उपाय, छाती पुन्हा उघडून झडप बदलणं. पंपाची नळी छातीच्या हाडामागे चिकटलेली, ह्यांची तब्येत ही अशी. शल्यविशारदांनी स्वतःच नको म्हटलं. तिसरा, नळीतून जाऊन एक बूच बसवून झडप कायमची बंद करणं. मला ते सोपं वाटलं. गळतंय ना, मग बुजवा. तेव्हा मुलीने विचारलं, "आणि पंप बंद पडला तर?" डॉक्टर बाई क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, तर रक्ताला बाहेर पडायला वाटच उरणार नाही. आता पंप थांबला तर बाबांचं हृदय थोडं का होईना ढकलेल, निदान दुसरा कंट्रोलर जोडण्यापुरता वेळ मिळेल.

चौथा उपाय, मांडीच्या धमनीतून नवा व्हॉल्व्ह. भारतात याला टावी म्हणतात, इथे टॅव्हर. २००२ मध्ये फ्रान्सच्या रूआँ शहरात अलँ क्रिबिए यांनी छाती न उघडता महाधमनीचा पहिला व्हॉल्व्ह बसवला आणि आता पुण्या-मुंबईतही ही गोष्ट नवलाची राहिलेली नाही. पण त्या रुग्णांत झडप आकसलेली असते, तिच्यावर कॅल्शियमचे खडे असतात आणि नवा व्हॉल्व्ह त्यांना धरून बसतो. ह्यांची झडप गळकी, मऊ, कॅल्शियमचा कणही नाही. ओल्या भिंतीत खुंटी ठोकावी तसं. त्यात खालून पंपाची ओढ. व्हॉल्व्ह निसटून हृदयात पडू शकतो, किंवा कडेने गळत राहतो. पंपवाल्या रुग्णांत नेहमीचे व्हॉल्व्ह मोठ्या मापाचे घेऊन बसवतात, कधी एक घसरला तर त्यात दुसरा बसवावा लागतो, हेही त्यांनी लपवलं नाही.

आमच्यासाठी त्यांनी सुचवला तो ट्रिलॉजी, जेनाव्हॉल्व्ह कंपनीचा. गळक्या झडपेसाठी त्याला युरोपात २०२१ मध्ये मान्यता मिळाली आहे. पंपवाल्या रुग्णांना ते तो अभ्यासाचा भाग म्हणूनच बसवत होते. त्याला तीन आकडे, म्हणजे हूक, असतात. ते आपल्या मूळ तीन पाकळ्यांच्या मागे जाऊन अडकतात आणि पाकळ्या चिमटीत पकडल्यासारख्या धरल्या जातात. म्हणजे कॅल्शियमचा आधार लागत नाही. साडीच्या पदराला पिन लावताना आपण कापडालाच धरतो, भिंतीला टेकत नाही, तसं मी मनाशी समजून घेतलं.

एक प्रश्न आमच्यासारख्या घरांत येतोच. हा व्हॉल्व्ह डुकराच्या हृदयाच्या आवरणापासून बनवतात. काही कंपन्यांचे गाईच्या. सासूबाई साताऱ्याला, एक्याण्णव वर्षांच्या, पन्नास वर्षांच्या माळकरी. हे म्हणाले, आईला कळवल्याशिवाय नको. व्हिडिओ कॉल लावला, मी जमेल तसं सांगितलं. त्या थोडा वेळ गळ्यातल्या माळेशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "माळ मी घातलीय, त्यानं नाही. काय बसवायचं ते लवकर बसवा." आणि फोन धाकट्या जावेकडे दिला. पडद्यावर नुसतं छत दिसत राहिलं, त्यांच्या हुंदक्याचा आवाज येत होता.

सीटी स्कॅनसाठी मूत्रपिंडं सांभाळत थोडाच डाय दिला. झडपेच्या बैठकीचं माप घेतलं, ते व्हॉल्व्हच्या मापात बसलं. दात तपासले, कारण नव्या व्हॉल्व्हवर जंतू बसले तर सगळं व्यर्थ. संमतिपत्राची पानं मुलीने आणि मी दोन संध्याकाळी ओळ न ओळ वाचली.

मार्चमधल्या त्या सकाळी ह्यांना आत नेताना आमची काळी पिशवीही आत गेली. दुसरा कंट्रोलर आणि जादा बॅटऱ्या असलेली ही पिशवी साडेचार वर्षांत माझ्या नजरेआड कधी झाली नव्हती. ती मी कोऑर्डिनेटरच्या हातात दिली आणि माझे हात एकदम रिकामे झाले. पंपाजवळ उभं राहायला म्हणून ती मुद्दाम आत गेली. नंतर तिने सांगितलं ते असं. पूर्ण भूल. अन्ननलिकेतून इकोची नळी. मांडीच्या धमनीतून व्हॉल्व्ह वर नेला. तीन आकडे तीन पाकळ्यांसमोर आणायला सगळ्यात जास्त वेळ लागला. थोडं फिरवायचं, इकोत बघायचं, पुन्हा फिरवायचं. ते नीट अडकल्याची खात्री झाल्यावर हिने पंपाचा स्पीड उतरवला, म्हणजे खालची ओढ कमी व्हावी. त्याच वेळी तात्पुरत्या पेसिंग वायरने हृदय इतक्या वेगाने धडधडवलं की ते जागच्या जागी थरथरत राहावं. तेवढ्यात व्हॉल्व्ह उघडला. मग स्पीड पुन्हा वर.

बाहेर आम्ही दोघी. मुलगी फोनवर काहीतरी वाचत होती, पान मात्र बदलत नव्हती. मी वॉकमध्ये म्हणते ती व्यंकटेशस्तोत्राची ओवी म्हणायला घेतली आणि तिसऱ्या ओळीला अडले. चाळीस वर्षांची पाठ ओवी. अडीच तासांनी डॉक्टर बाहेर आले. व्हॉल्व्ह बसला, हललेला नाही, कडेने अगदी किंचित गळती.

आयसीयूत गेले तेव्हा माझी नजर आधी ह्यांच्याकडे गेली नाही, पंपाच्या मॉनिटरकडे गेली. फ्लो ४.५. पायांतलं बळच गेलं. सकाळी ६.६ लिहिला होता. मी नर्सला हाक मारली, बहुतेक ओरडलेच. कोऑर्डिनेटर तिथेच होती. तिने माझे दोन्ही खांदे धरले आणि म्हणाली, "हा आकडा पडायलाच हवा होता. गोल गोल फिरणारं रक्त आता फिरत नाहीये. हे साडेचार सगळेच्या सगळे त्यांना मिळतायत." मग मी ह्यांच्याकडे पाहिलं. व्हेंटिलेटरची नळी होती, पण ओठ गुलाबी होते. कित्येक महिन्यांनी. पायाला हात लावला तर पाऊल कोमट. गेला सगळा हिवाळा मी ती पावलं लोकरीच्या मोज्यांत घालून चोळत होते.

पुढचे चार दिवस लघवी इतकी झाली की नर्स पिशवी रिकामी करून दमल्या. वजन सहा किलो उतरलं. क्रिएटिनिन १.५ वर आलं. मांडीत मोठी काळीनिळी गाठ आली, वॉरफरिनमुळे ती जिरायला तीन आठवडे लागले. पेसमेकरची गरज पडू शकते म्हणाले होते, पण ह्यांच्या छातीत ठोके सांभाळणारं आधीचं डिफिब्रिलेटर होतंच, तेच पुरलं. आठव्या दिवशी घरी. जेवायला काय करू विचारलं तर म्हणाले, "पिठलं-भाकरी. आणि खर्डा." मीठ मोजूनच, पण केलं.

आता पाच महिने झाले. परवाच्या इकोत नवा व्हॉल्व्ह जागेवर आहे, कडेची किंचित गळती तेवढीच आहे, वाढलेली नाही. वॉरफरिन चालूच राहणार, कारण पंपामुळे नवा व्हॉल्व्हही पुरेसा उघडला नाही तर त्याच्यावर गुठळी धरू शकते. म्हणून स्पीड ५३०० वर ठेवलाय आणि झडप दर तीन-चार ठोक्यांना उघडते आहे. मी विचारून घेतलं. तंत्रज्ञाने पडदा माझ्याकडे वळवून दाखवलं, पांढऱ्या रेघा मिटलेल्या, मिटलेल्या, मिटलेल्या, आणि मग उघडल्या.

वहीत मी नवे रकाने आखलेत. फ्लोच्या शेजारी उशा किती, पावलं गार की कोमट, आणि चौदा पायऱ्यांच्या जिन्यात किती वेळा थांबले. आजचं लिहून झालंय. फ्लो ४.६, उशी एक, पावलं कोमट, जिन्यात एकदा. ते एकदा का, म्हणून विचारलं, तर म्हणतात फोटो बघत होतो. उद्या मी मागून जाणार आहे.